पिसाशेजारची घाण

आमची ही चिडली की भांडी आपटत नाही. भांड्यांनी काय घोडं मारलंय, असं तिचं म्हणणं. चिडली की ती बोलायची बंद होते, वेळेवर वाढते, पाणी देते, आणि समोर बसून स्वतःच्या हातांची नखं बघत राहते. एकतीस वर्षांच्या संसारात हे मी चार वेळा पाहिलंय. पहिल्या तिन्ही वेळा कारण मीच होतो, त्यामुळे चौथ्या वेळीही मी सवयीने माफी मागायला सुरुवात केली. कशाची मागतोय ते माहीत नव्हतं, पण आमच्याकडे त्याने काही अडत नाही.

"तुम्ही गप्प बसा हो," ती शेवटी म्हणाली. "मी आज एक बाळ घासून टाकलं."

मी हातातला घास ताटात ठेवला.

ही एका संग्रहालयात नोकरीला आहे. तिथल्या तळघरात कार्यशाळा आहे. दोन नळ, एक करवत, एक करवतीवाला, दोन मदतनीस, एक मायक्रोस्कोप आणि आमची ही, एवढा तिथला सरंजाम. हजेरीपटावर तिच्यापुढे ‘पॉलिशर’ असं लिहिलंय. वरच्या मजल्यावरचे लोक तिला ताई म्हणतात, आणि ती खोलीत नसली की घासूताई. अंबराचे खडे येतात, ते उघडायचे, हे तिचं काम. अंबर म्हणजे झाडाची राळ, जुनी होऊन दगड झालेली. राळ पाझरताना मुंगी, माशी, पानाचा तुकडा, जे वाटेत येईल ते आत अडकतं आणि तसंच्या तसं राहतं. बाहेरून खडा मातकट दिसतो. तो नळाखाली ओल्या पॉलिश पेपरवर घासत घासत आतलं दिसेपर्यंत पातळ करायचा, आणि दिसलं की थांबायचं. सगळी कला त्या थांबण्यात आहे. केसभर जास्त घासलं की माशीचा पाय गेला, आणि तो परत लावता येत नाही. माझ्या धंद्यात तेवढं बरं आहे. मी कवळ्या बनवतो. एखादा दात जास्त घासला गेला तर दुसरा लावतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं, आता कसं झक्क बसलं.

शेवटची चकाकी आणायची पांढरी पावडर ती माझ्याकडूनच नेते. त्या संग्रहालयातला निम्मा प्राचीन काळ कवळ्यांच्या पावडरीने चमकतोय, हे वरच्या मजल्याला अजून ठाऊक नाही.

तर, त्या वर्षी तिच्याकडे अक्रोडाएवढा एक खडा आला. दहा कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे डायनासोर हयात असतानाचा. त्यात पिसाचा तुकडा निघाला, तोही पिसं असलेल्या डायनासोरचा. नव्या दालनाचं उद्घाटन तोंडावर आलं होतं आणि दालनात ठेवण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे संचालकसाहेबांना पिसाचा फार आनंद झाला. हिला आनंद झाला तो पिसाशेजारी चिकटलेल्या, तिळाएवढ्या एका मळकट पुंजक्याचा.

ती चार दिवस त्या पुंजक्याला डोळा लावून बसली. दर वेळी घासण्याआधी जे दिसेल त्याचं वहीत चित्र काढायचं, अशी तिची शिस्त आहे. पहिल्या दिवशीच्या चित्रात नुसता कचरा आहे. दुसऱ्या दिवशी कचऱ्याला जबडा फुटला, चिमट्यासारख्या दोन वाकड्या सुया. तिसऱ्या दिवशी सहा पाय. चौथ्या दिवशी घरी येऊन तिने मला जेवता जेवता सांगितलं, ते मला जसंच्या तसं आठवतं, कारण तिचं जेवण थंड झालं आणि तिला कळलं नाही.

ती अळी होती. नुकतीच अंड्यातून निघालेली, कारण फुटलेलं अंडं शेजारीच होतं. आणि निघाल्या निघाल्या तिने पहिलं काम काय केलं, तर अंड्याची टरफलं, भुसा, पानांचे बारीक तुकडे, मिळेल तो केर उचलून पाठीवरच्या वाकड्या केसांत अडकवून घेतला. कुणी ओळखू नये आणि खाऊ नये म्हणून. असे कीटक आजही आहेत म्हणे. झाडाच्या फांदीवर केराचा कण चालताना दिसला तर तो केर नसतो.

"जन्मून एक दिवस झाला असेल हो," ती म्हणाली. "आणि कुणी न शिकवता एवढी अक्कल."

अळीचं सोंग बेमालूम होतं, हे मान्य करायला पाहिजे. डायनासोर फसले, आणि दहा कोटी वर्षांनी संचालकसाहेबही फसले. फरक एवढाच, की डायनासोरांनी लेखी आदेश काढला नाही. साहेबांचा आदेश वरून खाली आला तो असा: ‘पिसाशेजारील घाण काढून पीस सर्व बाजूंनी स्वच्छ दिसेल असे करावे.’

हिने चित्रासकट लेखी हरकत पाठवली. ती परत आली, खाली एक ओळ जोडून: ‘आदेशाप्रमाणे कार्यवाही व्हावी.’ मग ही वर गेली. साहेबांना म्हणाली, खाली येऊन एकदा मायक्रोस्कोपखाली बघा. साहेबांच्या टेबलावर उद्घाटनाच्या निमंत्रणपत्रिकांचे तीन नमुने होते आणि साहेबांचा कल सोनेरी किनारीच्या नमुन्याकडे होता. त्यांनी मान वर केली आणि हसून सांगितलं, "ताई, तुम्ही घासायचं काम करता. बघायला आमच्याकडे माणसं आहेत."

माणसं नव्हती. कीटकतज्ज्ञाची जागा नऊ वर्षं रिकामी होती.

सोमवारी अकरा वाजता तिने नळ सोडला आणि तीन वाजता बंद केला. मी तिला विचारलं होतं, आजारी का नाही पडलीस. ती म्हणाली, मी आजारी पडले असते तर त्यांनी खडा करवतीवाल्याला दिला असता, आणि त्याने अळीबरोबर पीसही उडवलं असतं. निदान पीस तरी वाचावं म्हणून तिने स्वतः घासलं. तिचं हे बरोबर होतं, आणि बरोबर असण्याचा तिला काडीचा उपयोग झाला नाही. पीस दालनात लागलं, वर दिवा, खाली मखमल. मुख्य पाहुण्यांनी हे कोंबडीचं आहे का असं विचारलं आणि साहेब पोटभर हसले.

आठ महिन्यांनी एक मुलगी आली. मुलगी म्हणजे चांगली पस्तिशीची, शिकून सवरून फक्त अळ्यांचाच अभ्यास करणारी. माहितीपुस्तिकेत साहेबांनी पिसाचा जुना, घासण्याआधीचा फोटो मोठा करून छापला होता. तो कुठल्याशा देशात तिच्या हाती पडला. पिसाकडे तिने बघितलंसुद्धा नाही. कोपऱ्यातला पुंजका बघितला आणि तिकीट काढलं. अंड्यातून निघतानाची, पाठीवर टरफलांचा भारा घेतलेली अशी अळी तिने आजवर फक्त स्वप्नात पाहिली होती. लोकांना स्वप्नात काय काय दिसतं. असो. तिने खडा बघायला मागितला, हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि हिला विचारलं, "ताई, इथे होती ती कुठे गेली?"

हिने वही काढून पुढ्यात ठेवली. अळीवालीने चार दिवसांची चारही चित्रं पाहिली, मग साहेबांचा आदेश वाचला, आणि एक शिवी दिली. ती मी इथे लिहीत नाही. हिने मात्र घरी आल्यावर मला दोनदा म्हणून दाखवली, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा तिचा चेहरा जरा सैल झाला.

तो सैलपणा आठवडाभर टिकला. अळीवालीने संचालकांना सभ्य भाषेत पत्र लिहिलं, आणि संचालकांनी हिला असभ्य भाषेत नोटीस दिली. बहुमोल अळी निष्काळजीपणाने नष्ट केल्याबद्दल कारवाई का करू नये, खुलासा करावा. तुमचाच आदेश होता, असं हिने कळवलं. त्यावर उत्तर आलं, की आदेशात अळीचा उल्लेख नाही. घाण काढायला सांगितलं होतं.

नोटिशीचं हिला विशेष वाटलं नाही. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, काढलं तर काढलं. तिचा जीव अडकला होता तो कार्डात. संग्रहालयातल्या प्रत्येक खड्याचं एक जाड कार्ड असतं. कुठे सापडला, कुणी उघडला, आत काय, काय मोडलं, सगळं त्यावर. खडा जिथे जाईल तिथे कार्ड जातं, माणसं मेली तरी कार्ड राहतं. त्या कार्डावर साहेबांना एक ओळ घालायची होती: ‘अळी पॉलिशरच्या निष्काळजीपणामुळे नष्ट.’

"नोकरीचं त्यांना काय करायचं ते करू देत," ती मला म्हणाली. "कार्डावर खोटं लिहू देणार नाही. दोनशे वर्षांनी कुणीतरी कार्डांचा खण उघडेल. त्याला काय खरं काय खोटं, कसं कळणार?"

खरं सांगतो, तोवर मला या सगळ्याची थोडी गंमत वाटत होती. ती त्या दिवशी संपली. माझ्या बायकोने तिच्या आयुष्यात एक गोष्ट वाचवायचा प्रयत्न केला होता, सगळ्या शहाण्यांच्या आधी तिने ती ओळखली होती, आणि आता दोनशे वर्षांनीच्या माणसासमोर तिला गलथान ठरवायला निघाले होते. मी हातातली कवळी इतकी जोरात घासली की तिचे दोन दात पुन्हा लावावे लागले.

चौकशी समिती बसली. कर्मचाऱ्याला सोबत एक सहायक आणता येतो, असा नियम आहे. कार्यशाळेतून कुणी यायला धजेना, तेव्हा तिने मला नेलं. अट एकच, तोंड उघडायचं नाही. समितीत तिघे होते. अध्यक्ष पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले. दुसरे हाडांचे प्राध्यापक. तिसरे आस्थापना विभागाचे अधिकारी, ते खुर्ची जराही न वाजवता बसायचे, म्हणून तिथेच त्यांना ‘सावली’ म्हणत. साहेब समितीत नव्हते. ते फक्त अध्यक्षांच्या शेजारी बसले होते आणि त्यांना कागद पुरवत होते. अळीवाली साक्षीदार म्हणून माझ्या डावीकडे.

अध्यक्षांनी वही चाळली आणि म्हणाले, यात तर अळीचं चित्र आहे, म्हणजे तुम्हाला माहीत होतं. ही म्हणाली, हो. माहीत असून घासली? आदेश होता. यावर ते समाधानाने मागे टेकले. आदेश घाणीबद्दल होता, ही घाण नाही हे तुम्हाला कळत होतं, सबब आदेश या अळीला लागू नव्हता, सबब तुम्ही आदेशाशिवाय घासली. आणि कळत नव्हतं असं म्हणाल, तर इतकी वर्षं नोकरीत तुम्ही केलंत काय? मी चाळीस वर्षं कवळ्या बसवतोय, पण या युक्तिवादाइतकी घट्ट बसलेली एकही पाहिली नाही.

तेवढ्यात साहेबांना वाटलं, आपणही काही बोलावं. ते म्हणाले, मुळात ती अळी होती याला पुरावा काय, चित्रं काय कुणीही काढतं. म्हणजे एकीकडे अळी नव्हतीच, आणि दुसरीकडे ती हिने नष्ट केली होती. अध्यक्षांनी दोन्ही मुद्दे लिहून घेतले.

हिने पिशवीतून डबी काढली. खडा पहिल्यांदा उघडताना करवतीने त्याची एका बाजूची साल काढतात. ती फेकत नाहीत, नंबर घालून ठेवतात. अंडी एकाच जागी घातलेली असतात, त्यामुळे एक पिल्लू सापडलं तर दुसरं जवळपास असणार, असं अळीवालीचं म्हणणं. दोघींनी ती साल आठवडाभर इंचाइंचाने पाहिली होती. दुसरी अळी मिळाली. तसाच जबडा, तसाच पाठीवर टरफलांचा भारा. सख्खी बहीण.

मायक्रोस्कोप वर आणला. हिने साल खाली ठेवली, नीट जुळवून दिली आणि बाजूला झाली. साहेब पुढे आले. आपल्याला हे यंत्र रोजचंच, अशा थाटात त्यांनी बाजूचं चाक दोनदा गरागरा फिरवलं, चष्मा कपाळावर ढकलला आणि डोळा भिंगाला अगदी चिकटवला.

"आहे," ते म्हणाले. "पाय दिसताहेत. पुष्कळ पाय आहेत." मग जरा थांबून, हळू आवाजात, "हलताहेत."

अळीवालीने माझ्या कानाशी येऊन सांगितलं, काका, त्यांच्या स्वतःच्या पापण्या आहेत त्या. मायक्रोस्कोपवर पहिल्याच दिवशी विद्यार्थी हीच चूक करतात म्हणे. मी कोपराने हिला ढोसलं. हिला ते आधीच कळलं होतं. समोर चूक दिसतेय आणि ती सुधारत नाहीये, असं मी तिला आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

अध्यक्ष उठले. त्यांनीही डोळा चिकटवला आणि त्यांनाही हललेली दिसली, किंबहुना त्यांच्याकडे जास्त हलली. हाडांच्या प्राध्यापकांनी बराच वेळ पाहिलं, मग छताकडे पाहिलं, मग म्हणाले, सहकाऱ्यांपेक्षा वेगळं काही दिसलं असं मला म्हणता येणार नाही. सावली बहुमताबरोबर होती, तिने बघितलंच नाही. इतिवृत्तात लिहिलं गेलं: ‘समितीने त्याच खड्यातील अळी प्रत्यक्ष पाहिली. अळी हालचाल करीत होती.’ तिघांच्या सह्या झाल्या, उपस्थित म्हणून साहेबांची झाली.

"हिची निगा कोण राखतं?" अध्यक्षांनी आपुलकीने विचारलं.

"मी," ही म्हणाली.

खोलीतली हवा एकदम मोकळी झाली. साहेब उदार झाले. म्हणाले, एक गेली तर एक आहे, मग वाद कशाला? कार्डावर ताईंचं नाव नको आणि आमचंही नको. ‘नैसर्गिक झीज’ असं लिहू आणि विषय मिटवू. अध्यक्षांना हा शब्द इतका पसंत पडला की ते तो दोनदा पुटपुटले. मला वाटलं, चला, सुटलो. मी उठायला लागलो तर हिचा हात माझ्या मनगटावर पडला, आणि त्या हाताची पकड मला समजली. ती उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"दहा कोटी वर्षं तिच्यावर डोंगर बसले. समुद्र आला, गेला. ती झिजली नाही. सोमवारी अकरा ते तीनमध्ये झिजली. चारशे नंबरच्या पेपरवर, नळाखाली, या हाताने. आणि तुम्ही त्याला झीज म्हणता?"

"ताई, अहो, तुमचं नाव आम्ही काढून टाकतोय," साहेब म्हणाले.

"माझं नाव काढायचं नाही. तुमचंही काढायचं नाही."

कार्ड टेबलावरच होतं. तिने ते ओढून घेतलं, अध्यक्षांपुढचं पेन उचललं आणि उभ्या उभ्याच लिहिलं. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचलं. ‘येथे अळी होती. संचालकांच्या लेखी आदेशावरून, लेखी हरकत नोंदवूनही, मी ती घासून टाकली.’ खाली सही, तारीख.

अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. सरकारी दस्तऐवजात परस्पर नोंद, हा केवढा गुन्हा, खोडा ती ओळ. तेव्हा सावली त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटचं बोलली. कार्डावरचं काही खोडायचं असेल तर एकच आडवी रेघ मारायची, मूळ ओळ वाचता आली पाहिजे, आणि रेघ मारणाऱ्याने शेजारी कारण लिहून सही करायची. नियम साहेबांनीच लागू केला होता, म्हणे.

साहेबांनी पेन उघडलं. कारण काय लिहायचं याचा ते विचार करू लागले. अळी नव्हती म्हणावं, तर समितीने त्याच खड्यातली दुसरी हलताना पाहिलेली, सह्या ओल्या. आदेश नव्हता म्हणावं, तर तो समोर फायलीत. हरकत नव्हती म्हणावं, तर ती त्याच्या पुढच्या पानावर, त्यांच्याच शेऱ्यासकट. त्यांनी पेन बंद केलं. उद्या करतो म्हणाले.

याला चौदा महिने झाले. नोटिशीचं पुढे काही आलं नाही. साहेब तोवर कधी तळघरात उतरले नव्हते, हल्ली उतरतात. खण ओढतात, कार्ड काढतात, वाचतात, परत ठेवतात. तो खडा आता बाहेरच्या अभ्यासकांना बघायला पाठवतात, तेव्हा ते कार्डही जातं, त्यामुळे ती ओळ बऱ्याच लांबच्या लोकांनी वाचलेली आहे.

चौकशीच्या संध्याकाळी आम्ही दोघं चालत घरी आलो. मी भलताच खुशीत होतो. कोपऱ्यावर तिला म्हटलं, अगं जिंकलीस, साहेबांची पार बोलती बंद केलीस. ती ताडताड चालत होती, मला गाठावं लागत होतं.

"काय जिंकले? ती आली का परत?" ती म्हणाली. "मी घासली, एवढे दोन शब्द लिहायला मला नोटीस यावी लागली, समिती बसावी लागली. तीन वाजता नळ बंद केला तेव्हाच लिहायला काय झालं होतं मला? पेन माझ्या खिशातच होतं."